उसना हात

“आज उजवा हात द्या.”

एवढंच म्हणाली होती नर्स. आवाज चढवला नव्हता, मान वर करून पाहिलंही नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीतून रोजच्याच कोरड्या स्वरात आलेलं वाक्य. पण सोमवारी सकाळी दहाला ऐकलेलं ते दुपारचे तीन वाजले तरी भिंगच्या कानातून निघायला तयार नव्हतं. समोर पट्ट्यांचा ढीग वाढत चालला होता. मोटारीत बसणाऱ्याच्या छातीवरून जातात ते पट्टे. त्यांची शिवण तपासायचं काम तिचं. दिव्याखाली पट्टा ताणायचा, बोटांनी टाके चाचपायचे, दोरा सैल लागला किंवा टाका सुटलेला दिसला की लाल खडूची फुली मारून बाजूला फेकायचा. अठरा वर्षं ती हेच करत आली होती आणि म्हणून अख्खा कारखाना तिला भिंग म्हणत असे. “भिंगसमोर शिंकूसुद्धा नका गं, नाकावर फुली मारेल,” असं पोरी म्हणायच्या आणि तीही हसायची. आज त्याच भिंगच्या हातून एक तिरका शिवलेला पट्टा चांगल्या मालाच्या पेटीत गेला. तो परत उचलताना तिला वाटलं, सुपरवायझरने पाहिलं. त्याने पाहिलं नव्हतं, तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. पण फोनवर कुणाशी? दवाखान्यातही फोन आहे. आणि तेरा महिन्यांत कधी नाही ते आजच उजवा हात का?

डावा हात तिचा स्वतःचा होता. उजवा तेरा महिने शिट्टीचा होता.

दवाखाना म्हणायला खोलीसुद्धा नव्हती. पूर्वी जिथून पगाराची पाकिटं वाटत, ती जिन्याखालची खिडकीच कंपनीने नर्सला दिली होती. वर गढूळ काच, खाली खांद्यापर्यंत हात आत जाईल एवढी मोकळी जागा, बाहेर एक स्टूल. एका बाईला मशीनवर चक्कर आली आणि तिचं बोट सुईखाली गेलं, तेव्हापासून नियमच झाला. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी दर दुसऱ्या सोमवारी तिथे जायचं, बिल्ला आत सरकवायचा, स्टुलावर आडवं बसून हात आत घालायचा, नर्स ब्लडप्रेशर मोजणार, आकडा कार्डावर लिहिणार. नर्सला दिसायचा एक हात आणि एक नंबर. वर काय चेहरा आहे ते बघायची तिला गरज पडत नसे, आणि बायकांनाही ते बरंच वाटे. पण तीनदा आकडा वर गेला की मशीन सुटलं. मग खाली तळघरात पॅकिंग. पॅकिंगला गेलेली बाई कधी वर आलेली कुणी पाहिली नव्हती. आधी अर्धा दिवस काम, मग आठवड्यातून तीन दिवस, मग एके दिवशी सुपरवायझर गोड बोलून सांगायचा की आता जरा घरी आराम करा. तळघराच्या जिन्याला बायका ‘घसरगुंडी’ म्हणत.

शिट्टी सात नंबरच्या मशीनवर होती. मशीन चालवताना ती शीळ घालायची, त्यावरूनच नाव पडलं. सासूच्या नकला, सुपरवायझरच्या चालीची नक्कल, सगळं तिच्या शिळेत यायचं. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या छापून मिळायला लागल्या आणि त्याचा ब्रश वाळला. आधी स्वतःची दोन खोल्यांची जागा सुटली. मग ती दोघं थोरल्या दिराच्या घरी राहायला गेली, बैठकीच्या खोलीत, जिथून सगळे ये-जा करतात आणि जिथे झोपायला घरातला शेवटचा माणूस झोपेपर्यंत थांबावं लागतं. जाऊ वाईट नव्हती. फक्त प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची. “माझ्यासाठी नाही गं लावत, विसरते ना मी,” असं म्हणायची. शिट्टीने ही गोष्ट हसून सांगितली होती. पुढे तिने गोष्टी सांगणं बंद केलं. मग शीळ बंद झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आवाज थांबल्याचा आवाज होत नाही. भिंगच्या लक्षात आलं होतं. सात नंबरच्या पट्ट्यांवर एकही फुली पडत नव्हती. शिवण इतकी बिनचूक येत होती की बोटांना ते खटकायचं. माणूस शिवतो तिथे कुठेतरी दोऱ्याने श्वास घेतलेला कळतो. हिच्या शिवणीत तो कळेनासा झाला होता. आपल्याला दिसलं होतं, आणि आपण फुली कुठे मारायची ते न कळून पट्टा पुढे ढकलला, हे भिंगला आता, ढिगासमोर उभं राहून, पुन्हापुन्हा आठवत होतं.

दोनदा आकडा वर गेल्यावर शिट्टीने तिला नळाशी गाठलं होतं. “तुझं बरं असतं ना गं?” तिने विचारलं होतं. “म्हणजे आकडा.” भिंगचं बरं असायचं. एकशे अठरा, शहात्तर. नर्स एकदा म्हणालीही होती की हे घड्याळ आहे की हात. “एकदाच दे मला,” शिट्टी म्हणाली होती, जणू पातेलं मागतेय. “तिसऱ्यांदा गेला तर घसरगुंडी. मग आम्ही त्या घरात कोणत्या तोंडाने बसणार?” भिंगने दिला. ओळीत पहिली बसून डावा, स्वतःच्या बिल्ल्यावर. मग गर्दी सरल्यावर शिट्टीचा ॲप्रन चढवून उजवा, शिट्टीच्या बिल्ल्यावर. पहिल्यांदा तळहाताला घाम फुटला होता. तिसऱ्यांदा काही वाटलं नाही. पुढे तर तिला त्याचा एक चोरटा अभिमानच वाटायला लागला, की आपलं शरीर दोघींना पुरतं. रोज सकाळी देवापुढे दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचा तिचा नेम होता. नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत तो चुकला नव्हता. त्या दोन मिनिटांत ती शिट्टीचंही नाव घेई आणि मनाशी म्हणे, उपकारात कसलं आलंय पाप. आणि गेल्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं असताना, सात नंबरचं मशीन चालू राहिलं आणि शिट्टी त्याच्यावरून हळूच बाजूला कलंडली. पट्टा आपला सुईखालून पुढे जातच होता. रिकामा, सरळ, बिनचूक.

म्हणून आज सोमवारी स्टुलावर एकटीच बसताना तिचा डावा हात गार पडला होता. नर्सने दोनदा हवा भरली, दोनदा सोडली. मग ते वाक्य. उजवा हात आत घालताना भिंगला स्पष्ट वाटलं की तो ओळखला जाईल, इतक्या महिन्यांचा ओळखीचा हात, त्याच्यावर दुसऱ्याच नंबराचा शिक्का असल्यासारखा. “एकशे बावन्न, शहाण्णव,” नर्स म्हणाली. “दोन्हीकडे तेवढाच. एका हातावर जास्त आला की दुसरा बघायचा, नियम आहे.” नियम. इतकी वर्षं कधी ऐकला नव्हता हा नियम. पण इतकी वर्षं तिचा आकडाही कधी वाढला नव्हता. मग खिडकीच्या आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काचेखाली नर्सचा चेहरा वाकला. केवढी तरुण होती ती! भिंगला उगाचच ती पन्नाशीची वाटत आली होती. “काही काळजी आहे का बाई? झोप लागते ना?” भिंग म्हणाली, “काही नाही.” जिभेवरून इतकं सहज सुटलं ते, जणू तोंडात आधीच तयार ठेवलेलं होतं. आणि स्टुलावरून उठताना तिला कळलं की ती विचारणारी पोर गोड बोलून काहीतरी काढून घ्यायला बघत होती. नाहीतर एवढ्या वर्षांत आजच कशी चेहरा बघायची हुक्की आली?

संध्याकाळी घरी सासूने ताट वाढून समोर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे स्वतः खुर्ची ओढून बघत बसली. सासूचे पाय सुजायचे, जीभ मात्र तरतरीत होती. “चावतेस की मोजतेस?” तिने विचारलं. भिंगने पुढचा घास उचलला. “ती मैत्रीण कशी आहे?” “बरी आहे म्हणतात.” “म्हणतात म्हणजे? तू बघून आलीस ना शुक्रवारी?” “आई, आज कारखान्यातून कोणी आलं होतं का? फोन?” सासूने तिच्याकडे पाहिलं. “आला होता ना. राजाचा आला होता, म्हणाला सुनेला राजवाड्यावर पाठवा.” मग जरा थांबून म्हणाली, “अगं, तुला कुठे भोक दिसलं नाही तर तू डोळ्यांवरच संशय घेशील. काय झालंय?” “काही नाही,” भिंग म्हणाली, दिवसातून दुसऱ्यांदा, आणि घास गिळताना छातीच्या मधोमध तो काहीतरी आठवल्यासारखा क्षणभर अडून बसला. तिला वाटलं, हे शिट्टीचं दुखणं आहे. तेरा महिने एकाच अंगावर दोघींचं रक्त मोजलं, कुठेतरी सरमिसळ झालीच असणार. वेडगळ विचार, हे तिलाही समजत होतं. पण वेडगळ विचारालाही जागा लागते, आणि तिच्या छातीत ती मोकळी होती.

मंगळवारी भेटीच्या वेळेला ती हॉस्पिटलात गेली. लांबच लांब व्हरांडा, एका रेषेत लावलेली बाकं, प्रत्येक बाकावर कोणीतरी मांडीवर पिशवी धरून बसलेलं. सगळे आपल्याकडे बघतात असं तिला वाटलं. खरं तर ते दाराकडे बघत होते. शिट्टीचा नवरा दाराशी उभा होता. या माणसावर तिने पहिल्या दिवसापासून मनात लाल फुली मारलेली होती. बसून खाणारा. बायकोच्या जिवावर जगणारा. त्याच्या नखांत अजून निळा रंग होता, दोन वर्षं काम नसताना तो कुठून आला असेल, हाही संशय तिने घेऊन झाला होता. “ताई,” तो म्हणाला, “डॉक्टरांनी कंपनीतून कार्ड मागवलं होतं. आणून दिलं मी.” भिंगने लगेच विचारलं, “कशाला?” “मला काय कळतंय? म्हणाल्या, जुने आकडे पाहिजेत.” आणि एकदम, काही न विचारता, तो बोलला, “ती मला वर्षभरात एक शब्द ओरडून बोलली नाही हो. आधी किती भांडायची. मला वाटलं, समजूतदार झाली.” भिंगने त्याच्याकडे पाहिलं. मनातली फुली पुसावी की ठेवावी हे तिला ठरवता येईना.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक जाडजूड, दमलेल्या बाई, पायात कापडी बूट. त्या शिट्टीच्या खाटेच्या पायथ्याशी कार्ड उजेडाकडे धरून उभ्या होत्या. भिंगने ती तऱ्हा लगेच ओळखली. पट्टा असाच ताणून बघतात. “एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे वीस, परत एकशे अठरा. तेरा महिने,” डॉक्टर म्हणाल्या. “एवढं शांत माणूस मी जन्मात पाहिलं नाही. आणि आत बघावं तर हृदयाची भिंत ही एवढी जाड. भिंत जाड कधी होते? वाढलेल्या दाबाविरुद्ध महिनोन्महिने ढकलून ढकलून. कार्ड म्हणतं, सुरुवातीचे दोन आकडे सोडले तर दाब नव्हताच.” नवऱ्याने चाचरत विचारलं, “आत्ताही कमीच आहे ना, डॉक्टर?” “आत्ता हृदय दमलंय, वरून गोळ्या चालू आहेत. आत्ताचा आकडा धरायचा नसतो. मागचा धरायचा, आणि मागचा हा असा.” त्यांनी कार्ड खाली केलं. “मग राहतं एकच. हृदयाच्या स्नायूलाच काही आजार असेल. तसं असेल तर सगळं औषध बदलावं लागेल, थांबून चालणार नाही. गुरुवारी सकाळी साडेआठला आत घेऊ. नळी घालून हृदयाचा कणीएवढा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा.” “धोका?” “असतो. झटका ताजा आहे म्हणून जास्तच असतो. हौस म्हणून कुणी करत नाही.” आणि मग जाता जाता, “घरी काही ताण? झोप, जेवण? मन कशात लागतं का यांचं?” “घरी सगळं ठीक आहे,” नवरा म्हणाला. डॉक्टर थांबल्या. “ठीक हा शब्द मी दिवसातून चाळीसदा ऐकते. मन खचलेलं माणूस झोपत नाही, औषध धड घेत नाही, आणि अंग आतल्या आत सदानकदा मारामारीच्या तयारीत राहतं. रक्तवाहिन्यांना ते बरोबर कळतं. त्यांना ठीक आहे सांगून भागत नाही.” हे त्या नवऱ्याला सांगत होत्या, पण भिंगला वाटलं, मध्येच एकदा नजर आपल्यावर टेकली आणि आपल्या बाहीवरून खाली घसरली.

शिट्टी डोळे उघडे ठेवून पडली होती. डॉक्टर गेल्यावर तिने भिंगचं मनगट धरलं. त्या बोटांत ताकद नव्हती, तरी सुटवेना. “बोलायचं नाही हं. माझी शपथ आहे.” “अगं, तुकडा काढणार आहेत तुझ्या—” “काढू देत. एवढं काय ठेवलंय तिथे?” ती हसल्यासारखी झाली. “बोललीस तर दोघींची नोकरी जाईल. तुझ्या म्हातारीला कोण बघणार? शपथ घे.” आणि भिंगने मान हलवली. घरी परत जाताना ती मान तिला जड झाली. शपथ घेतली की काय घेतलं आपण? बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने सहज विचारलं, बरं वाटत नाहीये का, आणि भिंग खिडकीकडे सरकली. ही कोण? कारखान्यातल्या कुणाची बहीण तर नाही? साऱ्या जगाला एक काम नेमून दिलंय, ते म्हणजे भिंगला हळूच विचारणं, काय होतंय तुला. देवापुढे उभी राहिली तरी दोन मिनिटं पुरी होईनात. डोळे मिटले की काच, काचेखालची जागा, आणि आत कोणीतरी आपला नंबर लिहून घेतंय. देवसुद्धा काही बोलत नव्हता. तो वाट बघत असावा, किंवा कार्ड भरत असावा.

बुधवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. नवरा चहा प्यायला खाली गेला होता. शिट्टीची उशी सारखी करताना भिंगच्या बोटांना अभ्र्याच्या शिवणीत काहीतरी टोचलं. बोटांची सवय, डोळ्यांना दिसायच्या आत ती थांबली. कडेचे चार टाके उसवले होते आणि आत, पुडी न करता, एकामागून एक सरकवलेल्या गोळ्या होत्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्धी पिवळी. भिंगने त्या तळहातावर घेतल्या. शिट्टी बघत होती. चोरी पकडली गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं त्यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर आलं नाही, आणि त्यामुळेच भिंगला खरी भीती वाटली. आतापर्यंतचे सगळे संशय, नर्सवरचा, सुपरवायझरवरचा, नवऱ्यावरचा, बसमधल्या बाईवरचा, एकदम बाजूला झाले आणि त्यांच्यामागे इतके दिवस गुपचूप बसलेला एक उठून उभा राहिला. “खरं सांग,” ती म्हणाली, “तू माझा हात नोकरीसाठी मागितला होतास का?”

शिट्टीने नजर छताकडे वळवली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती. “पहिल्यांदा नोकरीसाठीच,” ती म्हणाली. “देवाशप्पथ. पहिले दोन-तीन महिने.” “मग?” “मग काय. आकडा वर गेलेला दिसला असता तर कोणीतरी विचारलं असतं, काय होतंय म्हणून. आणि मला सांगावं लागलं असतं. मला सांगता येत नव्हतं गं. काय सांगू? सगळे चांगलेच आहेत. कोणी मारत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही. नुसतं सकाळी उठलं की वाटतं, कशाला उठलो. कामावर गेलं की वाटतं, इथे दुसरी कोणीतरी बसली तरी चालेल. आणि खिडकीत तर दुसरीच बसत होती.” तिने मान वळवली. “तू हात आत घालायचीस ना, तेव्हा मी संडासात उभी असायची. दार लावून. तेवढीच दहा मिनिटं मला बरं वाटायचं. मी नाहीच आहे असं वाटायचं. आणि तरी सगळं नीट चाललंय.”

भिंग खाटेच्या कडेला बसली. आपण उपकार करत होतो. उपकार करताना रोज तिचं नाव घेत होतो. आणि तिला हवं तेच तिला पुरवत होतो: तिचं नसणं, महिन्यातून दोनदा, शाईने लिहून. तिला राग आला, इतका की तो शिट्टीवर आहे की स्वतःवर हे वेगळं काढता येईना. “मला सांगायचंस तरी,” ती म्हणाली आणि लगेच गप्प झाली. विचारायचं कोणी होतं? बिनचूक शिवण कोणाच्या बोटांना खटकली होती? “अगं भवाने,” ती शेवटी म्हणाली, आणि आवाज फाटला, “मला वाटत होतं मी तुला वाचवतेय.” “मलाही तसंच वाटायचं,” शिट्टी म्हणाली. “तुला वाईट वाटेल म्हणून मग सांगितलं नाही.” हे इतकं सरळपणे म्हणाली ती, की भिंगला हसू फुटलं, नको त्या वेळी, नको तसं, आणि शिट्टीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. ते पुसायला तिने हात उचलला नाही. भिंगने पदराने पुसलं. “कानात जातंय,” ती म्हणाली. “जाऊ दे.” “जाऊ दे कसं? बहिरी झालीस तर तुझ्याशी बोलायचं कसं?” भिंग आपल्या छातीतला तो अडलेला घास ऐकत राहिली. आपल्यालाही दोनदा विचारलं गेलं होतं, खिडकीत आणि जेवायला बसल्यावर, आणि आपण दोन्हीदा तेच उत्तर दिलं होतं. ती वाट किती सपाट आहे! चालताना पाय दुखतसुद्धा नाहीत.

“मी ती शपथ पाळणार नाही,” भिंग म्हणाली. “तुझ्या हृदयाचा तुकडा मी माझ्या आकड्यासाठी काढू देणार नाही.” शिट्टीने डोळे मिटले. “नोकरी जाईल तुझी.” “जाईल.” “म्हातारी?” “म्हातारी मला शिव्या देईल. त्यात तिचा वेळ चांगला जाईल.” व्हरांड्यात घंटा झाली, भेटीची वेळ संपत आली होती. “मग पाठीमागे नको सांगूस,” शिट्टी म्हणाली. डोळे मिटलेलेच. “मी झोपलेली असताना नको, दाराबाहेर कुजबुजत नको. माझ्याबद्दल सगळे दाराबाहेर बोलतात. माझ्यासमोर सांग. हाताचं सांग, गोळ्यांचं सांग. आणि ते सकाळचं... उठल्यावर वाटतं ते. ते मला नाही जमणार बोलायला. तू सुरू कर. मध्ये थांबलीस तर बघू, मी बोलेन नाहीतर नाही बोलणार.” “साडेआठच्या आत येते.” “कबूल?” “कबूल.” गोळ्या भिंगने तिथेच कागदात बांधल्या आणि त्यांच्या रंगांकडे बघून तिला वाटलं, आज रात्रीची तरी घे असं म्हणावं. म्हणाली नाही. पण उठताना शिट्टीनेच नर्सला हाक मारलेली तिने ऐकली, अगदी बारीक आवाजात, पाणी हवंय म्हणून. ते पाणी कशासाठी होतं ते बघायला ती थांबली नाही. काही गोष्टी तपासू नयेत एवढं त्या दिवशी तिला कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी ती देवापुढे उभी राहिली. दोन मिनिटं पुरी झाली की नाही हे तिला सांगता आलं नसतं. सासू खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. “आज लवकर?” “कारखान्यात नाही जात, आई. आधी हॉस्पिटल. मग बहुतेक कारखान्यात जायची गरज उरणार नाही.” सासूने तिच्याकडे नीट पाहिलं. “आणि आई, मला झोप लागत नाही,” भिंग दारातून म्हणाली. “आठ दिवस झाले. छातीत काहीतरी अडकतं. आकडा वाढलाय माझा.” “मग आधी का नाही बोललीस मेले?” सासू कडाडली, पण पाय खाली टाकून ती उठायला लागली होती. “बसा तुम्ही. येते मी. संध्याकाळी सगळं सांगते.”

कोपऱ्यावर कंपनीची बस उभी होती. आतल्या बायकांनी तिला पाहिलं. एकीने खिडकीतून हाक मारली, “काय गं भिंग, विसरलीस की काय? इकडे!” तिने हात हलवला आणि रस्ता ओलांडला. आता बसमध्ये बोलणं सुरू झालं असेल, कोणीतरी कोणालातरी कोपराने ढोसलं असेल, असेल, नसेलही. समोरून हॉस्पिटलची बस यायला अजून वेळ होता आणि उभं राहवत नव्हतं, म्हणून ती चालायलाच लागली. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिने मनात जुळवून पाहिलं. माझी मैत्रीण, असं सुरू करावं, की कार्डावरचे आकडे, असं? दोन्ही उसनी वाटली. चढावर तिला धाप लागली, तशी ती एका दुकानाच्या बंद दाराशी क्षणभर टेकली, छातीवर हात ठेवून, कोणी बघतंय की नाही याची पर्वा न करता. आणि श्वास परत आल्यावर पुढे निघाली. घड्याळात सात पन्नास झाले होते.